परमपूज्य बाबासाहेब आणि कायद्याची लढाई



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघत आहे, त्यात तुम्हीही काही लिहा, असा आग्रह मंडळाच्या तरुण पोरांनी धरला. मी सूतगिरणीतला साधा कामगार. शाळा आठवीत सुटली. पुढे जे वाचलं ते रात्रपाळी करून आल्यावर, विहारातल्या कपाटातली पुस्तकं घरी नेऊन. तेव्हा लिहिण्यात काही चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावं.

बाबासाहेबांचं चरित्र आपल्या घरात लहान पोरांनाही ठाऊक आहे. जयंतीला आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणतो, मिरवणूक काढतो, निळ्या झेंड्याखाली नाचतो. ते करायलाच पाहिजे. पण काळा कोट घालून, कागदाची पुडकी बगलेत घेऊन कोर्टाची पायरी चढणारे, तारखा खाणारे, एका तळ्यासाठी दहा वर्षं दावा लढणारे वकील बाबासाहेब आपल्याकडे फारसे सांगितले जात नाहीत. त्यांच्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत. कारण ते आपल्या रोजच्या जगण्याच्या कामाचे आहेत.

सातारचे दिवस

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत हेडमास्तर होते. पेन्शनीत निघाल्यावर हे कुटुंब काही दिवस दापोलीला राहिलं आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्यातच माता भीमाबाईंचं निधन झालं. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. त्यांची समाधी साताऱ्यातच आहे. पुढे आत्या मीराबाईंनी या पोरांना सांभाळलं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. पण त्या शाळेत ते कसे बसत होते? घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर, एका बाजूला. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तसंच घरी.

१९०१ सालची गोष्ट तर आपल्या मुलुखातलीच आहे. सुभेदार त्यावेळी खटाव तालुक्यात सरकारी तळ्याच्या कामावर नोकरीला होते. दुष्काळातल्या लोकांना काम मिळावं म्हणून ते तळं खोदलं जात होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी पोरांना बोलावलं. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून भीमराव, थोरले बंधू आणि बहिणीकडचं पोर असे आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. आपण सांगलीहून पुण्याला जाताना कराड सोडलं की मसूर लागतं, तेच हे स्टेशन. चिठ्ठीचा घोटाळा झाला, न्यायला कोणीच आलं नाही. स्टेशनमास्तरांनी विचारपूस केली आणि पोरांनी भाबडेपणानं जात सांगून टाकली. मास्तरांचा चेहराच बदलला. गाडीवाला मिळेना. शेवटी एकजण दुप्पट भाड्याला तयार झाला, पण अट अशी की बैल पोरांनीच हाकायचे, तो बाजूने चालणार! जवळ भाकरी होती पण पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं, तरी पाण्याचा घोट मिळाला नाही. दहा वर्षांचं पोर रात्रभर उपाशी, तहानलेलं राहिलं.

बंधूंनो, सरकारी शाळा होती, सरकारी रेल्वे होती, सरकारी नाका होता. कोणाला पाणी देऊ नका असा कायदा सरकारने केला होता का? नव्हता. पण पाणी द्या असंही कायदा सांगत नव्हता. रूढी चालत होती आणि कायदा गप्प बसून बघत होता. ही गोष्ट त्या पोराच्या मनात आयुष्यभर राहिली. पुढे मोठेपणीही त्यांनी ती आठवणीने लिहून ठेवली.

अमेरिकेत काय पाहिलं

१९०७ साली मॅट्रिक आणि १९१२ साली मुंबईत बी.ए. होऊन, श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना कोणी जात विचारली नाही. पण त्या देशाचीही एक जात होती, ती कातडीच्या रंगाची.

आपल्या वाचकांसाठी हे जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम म्हणून विकत होते. मोठं यादवी युद्ध झालं आणि १८६५ साली घटनादुरुस्ती करून गुलामगिरी बंद केली. १८६८ साली दुसरी दुरुस्ती करून सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण दिलं. १८७५ साली तर हॉटेल, नाटकगृह, प्रवासाची वाहनं इथे भेद करता येणार नाही असा कायदाही झाला. कागदावर सगळं झालं. पण १८८३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा मोडीत काढला. कोर्टाचं म्हणणं असं पडलं की घटनेचं बंधन सरकारवर आहे, हॉटेलमालकावर नाही. पुढे लुइझियाना राज्यात होमर प्लेसी नावाचा माणूस १८९२ साली गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसला म्हणून पकडला गेला. १८९६ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की डबे वेगळे असले तरी चालतील, सोय सारखी असली म्हणजे झालं. आणि सोय सारखी कधीच नव्हती! तिकडे प्लेसीचा डबा, इकडे मसूरची बैलगाडी. दोन्हीत दहा वर्षांचंही अंतर नाही.

बाबासाहेब अमेरिकेत होते तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत हाच कायदा चालू होता. कायद्यात चांगलं वाक्य असून भागत नाही, त्याला पळवाट ठेवली तर तेच वाक्य गरिबाच्या विरुद्ध फिरवता येतं, हे त्या देशाच्या इतिहासाने दाखवून दिलं होतं. बाबासाहेब हे विसरले नाहीत. १९४६ साली त्यांनी काळ्या लोकांचे विद्वान पुढारी डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं, त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या. डुबॉइस यांनी आदराने उत्तरही दिलं.

काळा कोट आणि चवदार तळं

लंडनला ग्रेज इनमधून १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईला परत येऊन हायकोर्टात वकिली सुरू केली. सनदेची फी भरायलाही पैसे नव्हते, मित्राने मदत केली. अस्पृश्य वकिलाकडे मोठे सॉलिसिटर काम पाठवीत नव्हते. त्यामुळे गोरगरिबांचे, जिल्हा कोर्टातले खटले ते घेत. १९२६ साली पुण्याच्या जेधे-जवळकरांवरच्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीच्या बाजूने ते अपिलात उभे राहिले आणि आरोपींना सोडवून आणलं.

आता महाडचं सांगतो. रावबहादुर बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण प्रत्यक्ष पाणी भरायला जायची कोणाची छाती होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर आपल्या लोकांवर लाठ्या पडल्या, तळं शेणमूत घालून शुद्ध केलं, नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. हे सगळं आपण दरवर्षी ऐकतो.

पुढचं मात्र आपण ऐकत नाही. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारोंनी नावं नोंदवली. तेवढ्यात महाडच्या काही सवर्णांनी कोर्टात दावा लावला की हे तळं परंपरेने आमचं आहे, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. पण तळ्यावर जायचं का नाही, यावर परिषदेत मोठी चर्चा झाली. लोक जीव द्यायला तयार होते. तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, कोर्टातच तो खोटा पाडायचा, असं त्यांनी ठरवलं. त्या रात्री किती जण मनातून नाराज झाले असतील, विचार करा.

मग दावा चालला. मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. मूळ दाव्याचा निकाल १९३१ साली आपल्या बाजूने लागला. समोरच्यांनी ठाण्याला अपील केलं, ते १९३३ साली फेटाळलं. ते हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या खंडपीठाने शेवटचा निकाल दिला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, तळं नगरपालिकेचं आहे, सबब दावा फेटाळला. म्हणजे ज्या रूढीच्या जोरावर शेकडो वर्षं आपल्याला हाकललं, तिचाच पुरावा आणा म्हटल्यावर तो देता आला नाही. ओंजळ भरायला एक क्षण लागला, ती कायदेशीर ठरायला दहा वर्षं लागली. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली, पण दावा त्यांनी सोडला नाही.

वतन आणि गिरणी

आता आपल्या घरातली गोष्ट. १८७४ च्या वतन कायद्याने महारकी पक्की करून ठेवली होती. सरकारी कामगिरीला रात्री-अपरात्री धावायचं, साहेबाचं सामान वाहायचं, वर्दी द्यायची. एकाचं वतन, पण राबायचं घरातल्या सगळ्यांनी. मोबदला काय? पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन उरलेला इनामाचा तुकडा आणि दारोदार मागायचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली हा कायदा बदलायचं विधेयक कौन्सिलात मांडलं. बलुत्याऐवजी रोख पैसे द्या आणि ज्याला वतन सोडायचं आहे त्याला जमिनीसह मोकळं करा, असा त्याचा अर्थ. ते पास झालं नाही. १९२९ साली मागे घ्यावं लागलं. महारकी कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या मागे.

माझं मूळ गाव जुन्या सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याला सांगली नाव मिळालं. माझ्या आज्ज्याने येसकरकी केली. वतन गेलं, पण कब्जाची रक्कम भरून जमीन नव्या शर्तीने आपल्या नावावर करून घ्यायची असते हे त्याला कोणी सांगितलं नाही. तो निरक्षर. जमीन दुसराच कसत राहिला. मी चाळिशीत जुने फेरफार शोधायला लागलो. गिरणीतून सुटलो की कचेरी. आज साहेब नाही, उद्या या. सात वर्षं गेली. शेवटी अठरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन म्हणून आमचं नाव लागलं. बाकीचं गेलं ते गेलं. त्या सात वर्षांत मला महाडच्या दहा वर्षांचा अर्थ कळला.

आम्हा गिरणी कामगारांवरचे उपकार तर वेगळेच. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नव्हते. कांडी बदलताना धोट्यातून सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे, आणि आपलं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. साचेखात्यात पगार जास्त! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. १९३८ साली संपाचा हक्क आवळणारं विधेयक मुंबई सरकारने आणलं, तेव्हा ७ नोव्हेंबरला त्यांनी कम्युनिस्टांना बरोबर घेऊन एक दिवसाचा संप केला. आणि मजूर मंत्री असताना १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारं विधेयक त्यांनीच मांडलं. भोंगा झाल्यावर आम्ही घरी येतो, ते त्या कायद्यामुळे.

घटनेत मसूरचं पाणी

ऑगस्ट १९४७ मध्ये ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांनी अल्पसंख्याकांच्या हक्कांवर एक निवेदन छापलं होतं, त्यात अमेरिकेतल्या १८६६ आणि १८७५ च्या कायद्यांचा आधार घेतला होता. जो कायदा तिथल्या कोर्टाने मोडला, त्याचं मर्म इथे घटनेतच आलं. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती पाळणं गुन्हा ठरवला. पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावं घालून सांगितलं की तिथे कोणा नागरिकाला अडवता येणार नाही. नुसतं सरकारने नाही, कोणीच अडवायचं नाही. विहीर आणि तलाव हे शब्द घटनेत वाचताना मला मसूरच्या गाडीतलं ते तहानलेलं पोर आठवतं. अमेरिकेत शाळांतला भेद १९५४ साली कोर्टाने रद्द केला आणि हॉटेलांतला भेद बंद करणारा कायदा १९६४ साली झाला. आपल्या घटनेत हे १९५० सालीच आलं होतं.

१९५१ साली मद्रासच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने कॉलेजातल्या राखीव जागांचा सरकारी हुकूम रद्द केला. बाबासाहेब त्यावेळी कायदेमंत्री होते. दोन-तीन महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती झाली आणि मागासलेल्यांसाठी खास तरतूद करायला सरकार मोकळं झालं. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. त्यामागचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल. बायांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारं ते बिल रखडवलं गेलं. आपल्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावं.

दाखल्यावरचा धर्म

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना बुद्धाच्या चरणी नेलं आणि ६ डिसेंबरला ते आपल्याला सोडून गेले. त्यानंतर कायद्याने आपली परीक्षा पाहिली. १९५० च्या हुकुमाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती धर्म बदलणाऱ्याला मिळत नव्हत्या. बौद्ध म्हटलं की सवलत बंद! महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९६० साली राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० साल उजाडावं लागलं. तोवर आपल्या घरोघरी काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भिंतीवर बुद्ध आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार. माझ्याही दाखल्यावर तेच आहे. वडिलांना मी एकदा रागाने विचारलं, तर ते मान खाली घालून गप्प बसले. पोराच्या पोटासाठी त्यांनी ते केलं होतं. आज मला त्यांचा राग येत नाही. पण आता १९९० चा कायदा आहे. तेव्हा पोरांचे दाखले, जातीचे दाखले, वैधता प्रमाणपत्रं वेळेवर आणि बरोबर काढा. आयत्या वेळी धावपळ करू नका.

आपण काय करायचं

१९५५ साली अस्पृश्यतेचा कायदा झाला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. सातारा जिल्ह्यातल्या कराडमधलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या तारखेलाच, त्या कायद्यातल्या अटकेवर बंधनं घालणारा निकाल लागला. २ एप्रिलला देशभर बंद झाला. ऑगस्टात संसदेने दुरुस्ती केली, २०१९ साली कोर्टाने आपल्या सूचना मागे घेतल्या आणि २०२० साली दुरुस्तीही मान्य केली. म्हणजे मिळालेला कायदा राखावा लागतो. रानाला राखण नसली तर पीक दुसराच नेतो.

म्हणून विहारातल्या पोरांपुढे माझं एक मागणं आहे. दर रविवारी वंदना झाली की एक तास कागदांसाठी ठेवा. कोणाचा सातबारा, कोणाचा दाखला, कोणाची पोलिसातली तक्रार, कोणा बहिणीचा पोटगीचा अर्ज, जे असेल ते घेऊन बसा. लिहिता येणाऱ्याने न येणाऱ्याला लिहून द्यावं. आणि आपल्या वस्तीतून दोन-तीन पोरीपोरांना वकील करा. वर्गणी काढा. मिरवणुकीच्या खर्चातला एक भाग त्यांच्या पुस्तकांना द्या. माझ्या गिरणीच्या पगारातून मी दरमहा त्यात घालीन, हे इथे छापील शब्दांत सांगतो. पुढच्या वर्धापन दिनाला मला त्याचा हिशोब विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!